जुन्या कम्प्युटरचा क्लोन बनवून विकताय? पैसे घ्यायच्या आधी एवढं बघून घ्या

ठाण्यात, नवी मुंबईत बरीच मंडळी आता घरी जुन्या ८ बिट (ऐंशीच्या दशकातल्या साध्या) कम्प्युटरसारखे चालणारे बोर्ड, म्हणजे क्लोन, बनवतात. पीसीबी, म्हणजे पार्ट बसवायची छापील सर्किट पट्टी, ऑनलाइन मागवायचा, बाकीचे पार्ट लॅमिंग्टन रोडवरून उचलायचे, रविवारी सोल्डरिंग करत बसायचं, आणि मग कोणीतरी म्हणतं, अरे मलाही एक बनवून दे ना, किती घेशील? इथपर्यंत छंद असतो, पैसे घेतले की धंदा झाला, आणि धंद्याचे नियम वेगळे.

आधी हार्डवेअरचं बघू, कारण लोक उगाच त्यालाच घाबरतात. पेटंट २० वर्षं चालतं, चिपच्या लेआउट-डिझाइनला (आतल्या सर्किटच्या मांडणीला) आपल्या कायद्यात १० वर्षं संरक्षण आहे, म्हणजे सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रमसारख्या मशीनचं हे सगळं कधीच संपलंय. फक्त मूळ बोर्ड स्कॅन करून जशाच्या तशा रेषा गिरवू नका, सर्किट समजून घ्या आणि लेआउट स्वतः काढा.

खरी गोम रॉममध्ये, म्हणजे मशीनचा मूळ प्रोग्रॅम भरलेल्या चिपमध्ये आहे. अमेरिकेत फ्रँकलिन कंपनीने ॲपल २ चा क्लोन काढला आणि ॲपलचा कोड सरळ उचलला, इतका सरळ की त्यात ॲपलच्याच एका प्रोग्रॅमरचं नाव तसंच राहिलं होतं! १९८३ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की चिपमधल्या कोडलाही कॉपीराइट लागू आहे. कॉम्पॅकने त्याच काळात आयबीएमचा कोड न बघता स्वतःचा बायॉस (कम्प्युटर सुरू करणारा प्रोग्रॅम) लिहून घेतला, म्हणून ते टिकले. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं हक्क राहतो, आणि धंद्यासाठी मुद्दाम उल्लंघन केलं तर कलम ६३ खाली किमान ६ महिने कैद आणि किमान ५० हजार दंड. कंपनी बंद पडली, आता कोण विचारतंय, हे चालत नाही. सिंक्लेअरचे कम्प्युटर १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅड कंपनीने विकत घेतले, ॲमस्ट्रॅड २००७ मध्ये स्काय या टीव्ही कंपनीकडे गेली, म्हणजे मालक आहेच. ॲमस्ट्रॅडने इम्युलेटरवाल्यांना (जुनं मशीन सॉफ्टवेअरमधून चालवणाऱ्यांना) रॉम वापरायला परवानगी दिली होती, पण ती तुमच्या विक्रीच्या बोर्डालाही लागू आहे असं परस्पर धरून चालू नका.

मग करायचं काय? एकतर रॉमचा सॉकेट रिकामा द्या, नाहीतर ओपनएसई बेसिकसारखा मुक्त परवान्याचा रॉम टाका आणि त्याचा सोर्स कोड कुठे मिळेल ते सोबत लिहून द्या, जीपीएल या मुक्त परवान्यात ते द्यावंच लागतं. सॉकेट रिकामा ठेवून मागाहून व्हॉट्सॲपवर ओरिजिनल रॉमची फाइल सरकवणं ही निव्वळ पळवाट आहे, करू नका. गेम भरलेलं एसडी कार्ड 'फ्री' देणं पण तसंच, फुकट दिलं तरी विक्रीचाच भाग झाला ना ते.

नाव आणि लोगो. बोर्डावर किंवा डब्यावर मूळ कंपनीचं नाव, स्पेक्ट्रमवरची ती इंद्रधनुषी पट्टी वगैरे छापू नका. ट्रेडमार्क दर १० वर्षांनी रिन्यू होत राहतो, तो पेटंटसारखा संपत नाही. सरकारी ट्रेडमार्क सर्चवर क्लास ९ मध्ये (कम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग) नाव टाकून बघा, फुकट आहे. 'स्पेक्ट्रम कम्पॅटिबल' असं जाहिरातीत साध्या अक्षरात लिहिणं वेगळं, पण मशीनचं नाव तुमचं स्वतःचं हवं.

आता जे मला कायद्याहून जास्त टोचतं ते सांगतो. नेटवर मिळणाऱ्या कित्येक गर्बर फाइलींवर (पीसीबी बनवायला देतात त्या डिझाइनच्या फाइली) 'नॉन-कमर्शियल' लिहिलेलं असतं, आणि आपली माणसं त्या डाउनलोड करून, खालचं मूळ डिझायनरचं नाव पुसून, वीस-वीस बोर्ड काढून विकतात. ज्याने वर्षभर डोळे फोडून डिझाइन केलं त्याला एक मेल टाकायला काय जातं? बरेच जण हो म्हणतात, कोणी दर बोर्डामागे थोडे पैसे मागतो, ते द्या. नाही म्हणाला तर नाही!

चिपबद्दलही खरं बोला. झिलॉगने २०२४ मध्ये सुटा झेड८० (स्पेक्ट्रममधला प्रोसेसर) बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे बाजारात जुन्या बोर्डातून काढलेल्या, वरचं अक्षर घासून नवीन तारीख छापलेल्या चिपा फिरतात. पायांना जुनं शिसं लागलंय का बघा, वरच्या बाजूला ॲसिटोनचा बोळा फिरवून छपाई निघते का बघा, आणि वापरलेली चिप असेल तर बिलावर 'वापरलेली' असंच लिहा.

पॉवर अडॅप्टर घरी बनवून देऊ नका, बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) आर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, असलेलाच घ्या. मूळ स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या पिनला आतून मायनस असतो, हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरना आतून प्लस, म्हणून जॅकशेजारी बोर्डावरच खूण छापा, नाहीतर गिऱ्हाईक घरातला कुठलाही अडॅप्टर लावणार आणि बोर्ड गेला.

ॲपलची मॅकओएस टाकलेले पीसी विकायचा विचार असेल तर तो सोडून द्या, सायस्टार या अमेरिकी कंपनीने २००८ मध्ये तेच केलं आणि २००९ च्या शेवटी कोर्टाने कायमची बंदी घातली.

राज्याबाहेर माल पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नंबर लागतो. आणि प्रत्येक बोर्डावर तांब्यातच, स्टिकर नको, स्टिकर निघतो, 'क्लोन', बनवल्याचं वर्ष आणि तुमचं नाव कोरून घ्या, म्हणजे पुढे कोणी वाशीत किंवा डोंबिवलीत तोच बोर्ड ओरिजिनल म्हणून तिप्पट भावात खपवू शकणार नाही.