रशियन रायोनची माहिती मराठीत लिहिताय? या चुका टाळा

रशियाच्या ग्रामीण भागावरच्या मराठी नोंदींत आकडे चुकतात, पण बेरीज-वजाबाकी चुकल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी असतात आणि लिहिणारा दोन्हींची माहिती एकाच तक्त्यात कोंबतो.

सुरुवातच भाषांतराने बिघडते. ‘रायोन’ला ‘जिल्हा’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे नाशिक किंवा सातारा येतो. ओब्लास्तच्या (रशियाचा प्रांत) खालची पायरी म्हणून तो जिल्ह्याच्या जागी बसतो खरा, पण ग्रामीण रायोनची वस्ती बहुधा आपल्या लहानशा तालुक्याहूनही कमी असते. क्षेत्रफळाचं मात्र उलट. सायबेरियाच्या याकुतिया प्रजासत्ताकातला ओयम्याकोन्स्की रायोन ९०,००० चौ. किमीहून मोठा, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागापेक्षा जास्त; २०१०च्या जनगणनेत तिथे माणसं जेमतेम दहा हजार. त्यामुळे ‘रायोन’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात एका वाक्यात समजावून द्यावा. याकुतियात त्यालाच ‘उलुस’ म्हणतात, तुवा प्रजासत्ताकात ‘कोझूउन’. तोही स्थानिक शब्द तसाच राहू द्या.

रायोनच्या ‘ग्लावा’ला जिल्हाधिकारी करू नका. आपला जिल्हाधिकारी वरून नेमलेला सरकारी अधिकारी असतो. ग्लावा स्थानिक स्वराज्याचा माणूस, मतदारांनी किंवा रायोनच्या प्रतिनिधी सभेने निवडलेला. ‘रायोनप्रमुख’ पुरेसं आहे.

आता मूळ दुखणं. एकाच जमिनीवर दोन रचना आहेत: प्रशासकीय (सरकारी विभागणी) आणि नगरपालिकी (स्थानिक स्वराज्याची). २००३च्या १३१ क्रमांकाच्या संघीय कायद्याने नगरपालिकी रायोन आणि त्याखाली ग्रामीण वसाहती (‘सेल्स्कोये पोसेलेनिये’) अशी दोन पायऱ्यांची रचना ठरली. जुने सेल्सोव्हिएत (सोव्हिएत काळातले ग्रामीण विभाग) अनेक ओब्लास्तांत प्रशासकीय यादीत तसेच राहिले. दोन-तीन सेल्सोव्हिएत मिळून एक ग्रामीण वसाहत झाली असेल तर दोन्ही संख्या जुळणारच नाहीत. एका ठिकाणाहून संख्या आणि दुसऱ्या ठिकाणाहून नावं उचलली की तक्ता फसलाच. त्यात २०१९ मध्ये ‘नगरपालिकी ओक्रुग’ हा एकपायरी प्रकार आला. वोलोग्दा ओब्लास्तातल्या तार्नोग्स्कीमध्ये २०२२ साली नगरपालिकी रायोन आणि त्याखालच्या वसाहती गेल्या, ओक्रुग आला. सीमा त्याच, प्रशासकीय रायोनचं नावही कायम. म्हणून ‘रायोन रद्द झाला’ असं लिहिण्याआधी नक्की कोणता रद्द झाला ते बघा.

ओळखण्याची सोपी खूण सांकेतिक अंकांत आहे. ‘ओकातो’ हा प्रशासकीय विभागांचा संकेत, ‘ओकतमो’ नगरपालिकी. दोन्हींत पहिले दोन अंक ओब्लास्तचे. तिसरा अंक वाचा. ओकातोमध्ये २ असेल तर रायोन, ४ असेल तर शहर. ओकतमोमध्ये ६ म्हणजे नगरपालिकी रायोन, ५ म्हणजे नगरपालिकी ओक्रुग, ७ म्हणजे शहरी ओक्रुग. हे पहिले दोन अंक गाड्यांच्या नंबरप्लेटवरच्या प्रदेश-क्रमांकाशी जुळवायला जाऊ नका. ओकातोत ७८ म्हणजे यारोस्लाव्ल ओब्लास्त. नंबरप्लेटवर ७८ म्हणजे सेंट पीटर्सबर्ग, आणि यारोस्लाव्लचा क्रमांक ७६.

नावांचे सापळे

रोस्तोव्स्की रायोन रोस्तोव्ह ओब्लास्तात शोधाल तर सापडणार नाही. तो यारोस्लाव्ल ओब्लास्तात आहे, जुन्या रोस्तोव्ह शहराभोवती. डॉन नदीवरचं रोस्तोव्ह वेगळं. खात्रीसाठी टपालाचा सहा अंकी इंडेक्स बघा (आपल्या पिनसारखाच): यारोस्लाव्लकडचा १५ने सुरू होतो, डॉनवरच्या रोस्तोव्हचा ३४४ने.

नावातला ‘-स्की’ काढून मुख्यालय बनवणं ही तर रोजची चूक. ओयम्याकोन्स्कीचं मुख्यालय ओयम्याकोन नाही, उस्त-नेरा आहे. वोलोग्दातल्या मेझ्दुरेचेन्स्कीचं मुख्यालय शुयस्कोये. मेझ्दुरेचेन्स्क नावाचं शहर आहे, पण ते केमेरोवो ओब्लास्तात, सायबेरियात. ‘गोरोदोक’चा अर्थ छोटं शहर, म्हणून तार्नोग्स्की गोरोदोकला शहर म्हणू नका, तो सेलो आहे. सेलो आणि देरेव्न्या दोन्हींना मराठीत ‘गाव’च म्हणावं लागतं, त्यामुळे कंसात मूळ प्रकार द्यावा. सेलो म्हणजे पूर्वी चर्च असलेलं गाव.

घनता विचित्र आली तर

चेरेपोवेत्स्की रायोनचं मुख्यालय चेरेपोवेत्स शहरात आहे, पण शहर रायोनचा भाग नाही. शहराची वस्ती तीन लाखांच्या घरात, रायोनची चाळीस हजारांच्या आसपास, क्षेत्रफळ साडेसात हजार चौ. किमीच्या पुढे. दर चौ. किमी घनता पाचच्या आसपास यायला हवी. ती चाळीसच्या पुढे गेली तर शहराची वस्ती चुकून मिसळली आहे. वोलोग्दा आणि प्स्कोव्ह या शहरांभोवतीच्या रायोनांतही हीच गत होते.

लोकसंख्येपुढे जनगणनेचं वर्ष हवंच. शेवटची गणना कोविडमुळे लांबून २०२१च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाली, तरी अनेक तक्त्यांवर ‘२०२०’ लिहिलेलं दिसतं. त्या दोन वेगळ्या गणना समजून वाढ-घट काढू नका. क्रांतीपूर्व उयेझ्दचे (गुबेर्निया म्हणजे तेव्हाचा प्रांत, त्याखालचा विभाग) आकडेही रायोनशेजारी ठेवू नका. चेरेपोवेत्स उयेझ्द नोव्हगोरोद गुबेर्नियात होता, रायोन १९२७ मध्ये नव्या सीमांनी झाला.

गावांच्या यादीत वस्तीपुढे शून्य दिसलं की बरेच जण माहिती गहाळ समजून ती ओळ गाळतात. गाळू नका. २०१०च्या गणनेत सुमारे १,५३,००० ग्रामीण वस्त्यांपैकी १९,०००हून जास्त ठिकाणी एकही माणूस नोंदला गेला नाही, तरी ती गावं अधिकृत यादीत राहिली. ओळ ठेवा आणि पुढे ‘०’च लिहा, डॅश दिला की वाचक तो ‘माहिती नाही’ असा वाचतो.