स्वस्त हॉलोबॉडी गिटार आणि कोकणची हवा : या चुका टाळा

जुलैच्या धो-धो पावसात कुडाळहून मित्राचा फोन आला. "माका फसवल्यानी रे! गिटार सुरात रवणा नाय, आणि आत कायतरी खुळखुळता." ऑनलाइन मागवलेली चिनी बनावटीची हॉलोबॉडी, म्हणजे पोकळ पेटीची इलेक्ट्रिक गिटार. मे महिन्यात हाच माणूस रोज तिचे फोटो पाठवून जीव खात होता.

मी हसलो, कारण दोन वर्षांपूर्वी मीही असाच चिडलो होतो. आज तीच गिटार कुणी मागितली तर देणार नाही. मधल्या काळात कळलं ते एवढंच, की या गिटारींत कारखान्याने पैसा कुठे वाचवलाय ते ओळखायचं. आयबानेझची आर्टकोर मालिका २००२ मध्ये चीनमधून यायला लागली, एपिफोनच्या बऱ्याच गिटारी चीनमध्ये बनतात, ग्रेचची स्ट्रीमलायनर इंडोनेशियात. यांचं लाकूडकाम आता यंत्रावर होतं आणि ते खरोखर चांगलं असतं. अमेरिकन गिटारच्या साधारण पाचव्या हिश्श्यात वस्तू द्यायची तर काटकसर होते ती नट (मानेच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी), स्विच, जॅक (केबल खुपसायची जागा), पॉट (व्हॉल्यूमच्या फिरत्या बटणाखालचा भाग) यांच्यात, आणि सगळ्यात जास्त शेवटच्या जुळवाजुळवीला लागणाऱ्या माणसाच्या वेळात. तो वेळ आपण द्यायचा असतो. तो न देताच बहुतेक जण "माल बोगस" म्हणून मोकळे होतात.

पोकळ म्हणजे किती पोकळ, हे न बघता घेणं

नावात हॉलो असलं तरी दोन जाती आहेत. १९५८ साली आलेल्या गिब्सन ईएस-३३५ च्या पोटात मधोमध मेपलचा ठोकळा आहे. १९६१ च्या एपिफोन कसिनोच्या पोटात तो नाही, ती पूर्ण पोकळ. बाहेरून दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. आजच्या स्वस्त गिटारी याच दोन घराण्यांतल्या. जाहिरातीत 'सेंटर ब्लॉक' हे दोन शब्द आहेत का, एवढं वाचलं तरी अर्धं काम होतं.

फरक कळतो तो गणपतीच्या मांडवात. ॲम्पचा आवाज पोकळ पेटीचा पुढचा तक्ता हलवतो, तक्ता तार हलवतो, तार तिचं कंपन पकडणाऱ्या पिकअपमधून पुन्हा ॲम्पमध्ये, आणि हूऽऽऽ सुरू. लोक म्हणतात पिकअप खराब. पिकअप ठीक असतो, तुम्ही स्पीकरला पोट दाखवून उभे असता. दोन पावलं बाजूला व्हा, अंग थोडं वळवा. ॲम्पवरचा बेस कमी करा, कारण ही शिट्टी बहुतेक वेळा खालच्या स्वरांतून उठते. तरी थांबत नसेल तर एफ-होलमध्ये, म्हणजे तक्त्यावरच्या f आकाराच्या भोकात, आतून फोमचा तुकडा बसवा. दिसायला बरं नाही, पण मांडवात कोण बघतंय! घरी एकट्याने वाजवायची तर पूर्ण पोकळच घ्या, तो भरदार आवाज ठोकळेवालीत येत नाही. बँडमध्ये ड्रमशेजारी उभं राहायचं तर ठोकळा हवाच.

सगळ्या तारा एकदम काढणं

मित्राचा 'सुरात रवणा नाय' हा प्रकार इथलाच होता. पूर्ण पोकळ गिटारींपैकी अनेकींचा ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, स्क्रूने बसवलेला नसतो, तो नुसत्या तारांच्या दाबाने तक्त्यावर उभा असतो. याने तारा बदलताना सहाच्या सहा काढल्या, पिवळ्या फडक्याने गिटार पुसली आणि ब्रिज अंदाजाने परत ठेवला. मोकळ्या तारा सुरात लागतात, सातव्या-आठव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) वर गेलं की सगळं बेसूर. खुंट्या कितीही पिळा, सुटणार नाही.

उपाय फुटपट्टीचा आहे. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच तिथून ब्रिजपर्यंत हवं, किंचित जास्त. २४.७५ इंचांच्या स्केलला (नट ते ब्रिज तारेच्या लांबीला) ते साधारण ३१४ मिलिमीटर येतं. मग ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटवर आधी नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवा, नंतर तार दाबून वाजवा. दाबलेला स्वर चढा आला तर सॅडल (ब्रिजवरची तार टेकायची जागा) मागे, म्हणजे नटपासून दूर. उतरता आला तर पुढे. जमलं की ब्रिजच्या दोन्ही कडांना मास्किंग टेपच्या खुणा करून ठेवा. पुढच्या वेळी एकेक तार बदला.

आणि नवी गिटार आली त्याच संध्याकाळी तिच्याबद्दल मत बनवू नका. आठवडे बंद खोक्यात काढून ती घाट उतरून आलेली असते. एक रात्र घरच्या हवेत राहू द्या, मग कारखान्याच्या तारा काढून नव्या चढवा.

खुंट्यांना शिव्या देणं

ट्यून करताना 'टिंग' असा आवाज येतो आणि स्वर एकदम उडी मारतो? तार नटच्या खाचेत अडकते आहे. बहुतेक वेळा तिसरी, म्हणजे जी ची तार. खुंट्या बदलायला पैसे घालण्याआधी तार सैल करा, शाळेतल्या पेन्सिलीचं टोक खाचेत घासा आणि तार परत बसवा. ग्रॅफाइट हे कोरडं वंगण आहे. बिग्सबी (स्वर हलवायचा दांडा) असेल तर हे दर वेळी करा, नाहीतर तो दांडा एकदा दाबला की गाणं संपेपर्यंत कान बंद ठेवावे लागतील. खाच मुळातच उथळ असेल, पहिल्या फ्रेटला तार दाबताना बोट दुखत असेल, तर ते कानसकाम आहे. ते स्वतः शिकायचं तर आधी जुन्या गिटारवर शिका.

सैल जॅक बाहेरून पिळणं

इथे माझी कहाणी. जॅकभोवतीची चक्री सैल झाली होती. मी पकड घेतली आणि बाहेरून आवळली. आवळली म्हणजे काय, चक्रीबरोबर आख्खा जॅक आत गोल फिरला, वायर पिळून तुटली, आणि तिसऱ्या फेऱ्याला जॅक 'टप्' करून गिटारच्या पोटात पडला. साध्या इलेक्ट्रिक गिटारला मागे झाकण असतं. या गिटारींना बहुधा नसतं. आत जायची वाट एकच, एफ-होल.

एक अख्खा रविवार गेला. युक्ती सांगतो, तुमचा वाचेल. गिटारच्या पेटीला जॅकसाठी असलेल्या भोकातून मजबूत दोरा आत सोडायचा, वाकवलेल्या तारेने तो एफ-होलमधून बाहेर ओढायचा. जॅकही तिथूनच बाहेर काढून वायरला डाग द्यायचा. मग दोरा जॅकच्या टोकातून ओवून मागे जाड गाठ मारायची आणि भोकाच्या बाजूने हळूहळू ओढायचं. जॅकचं तोंड भोकात आपोआप येऊन बसतं. पॉट बदलायचा असेल तेव्हा तर तो सोडण्याआधीच त्याच्या दांड्याला दोरा बांधा. आणि चक्री सैल झाली की लगेच, जॅकच्या भोकात एखादी पट्टी किंवा जाड स्क्रूड्रायव्हर अडकवून जॅक स्थिर धरा, मगच आवळा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

खारी हवा विसरणं

इथल्या भजनवाल्यांना हे सांगावं लागत नाही. पावसाळ्यात पखवाज उतरतो तेव्हा बुवा हातोडी घेऊन गट्टे ठोकतात, वाद्य परत करायला निघत नाहीत. या गिटारींचं एक बरं आहे: तक्ता एकसंध लाकडाचा नसतो, पातळ थर चिकटवलेला असतो. त्यामुळे तो भरीव तक्त्याच्या अकूस्टिक गिटारसारखा सहजासहजी फुगत नाही. नेक, म्हणजे गिटारची मान, मात्र हलते. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर एकदा आणि थंडी पडल्यावर एकदा तपासा. पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबा, सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामधली फट बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. फारच वेगळी असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळी) पाव फेरा, तोही नेमक्या मापाच्या चावीने, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबा. रॉड हट्टाला पेटला तर तुम्ही पेटू नका.

खारं दमट वारं एफ-होलमधून थेट पॉट आणि स्विचपर्यंत जातं. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते ती याची. त्यावर घरात दारांच्या कडीसाठी ठेवलेला स्प्रे मारू नका, इलेक्ट्रॉनिक्सचा काँटॅक्ट क्लीनर आणा. नळीने पॉटच्या फटीत थोडासा मारायचा, मग वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवायचं.

फ्रेटबोर्डला खोबरेल लावणारे दोघे मला भेटलेत. वास छान येतो, काही दिवस. मग ते मळ धरतं, आणि कालांतराने खवटही होतं. फ्रेटबोर्डसाठी मिळणारं तेल वर्षातून एकदा-दोनदा, चार थेंब, पुरे. तारा मात्र रोज वाजवून झाल्यावर पुसा, खालच्या बाजूनेसुद्धा.

पावसाळाभर केस बंद करून माळ्यावर ठेवणं हा आणखी एक उद्योग. चार महिन्यांनी आतल्या मखमलीवर बुरशी. सिलिका जेल ठेवा, पण निळ्याचं गुलाबी झालं की ते संपलंय, तापवून वाळवावं लागतं. निळ्या गोळ्यांत कोबाल्टचं क्षार असतं, तेव्हा भाकरीचा तवा नको, वेगळं भांडं ठेवा. त्याहून सोपं म्हणजे आठवड्यातून दोनदा गिटार बाहेर काढून वाजवा.

घुंकार येतो म्हणून पिकअप बदलणं

पी-९० जातीचे पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच वेटोळ्याचे, असतात, घुंकार थोडा यायचाच. तारांना हात लावला की तो कमी होतो? मग गिटार ठीक आहे. पण मुंग्या आल्या, किंवा माइकला ओठ लागताच चटका बसला, तर त्याच क्षणी वाजवणं थांबवा आणि वायरमनला बोलवा. जांभ्या दगडाच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात पाणी घातलंय का विचारा. पिकअपवर पैसे घालायचे तर सगळ्यात शेवटी घाला. नट, जॅक आणि पॉट चांगले बसवल्यावर निम्म्या लोकांना पिकअप बदलावेसे वाटतच नाहीत, असा माझा अनुभव.

परत करायची गिटार कोणती तेही सांगतो. नेकला पीळ असेल, नेक जिथे पेटीला मिळते तिथे चीर असेल, ट्रस रॉड मुळातच फिरत नसेल, तर मुदत संपायच्या आत परत. तिथे भिडस्तपणा नको.

मित्राचा ब्रिज जागेवर आला, खुळखुळ राहिली. सैल स्प्रिंग असेल म्हणून सगळे स्क्रू तपासले, काही नाही. शेवटी मोबाइलचा टॉर्च एफ-होलमध्ये घातला. आत तक्त्याला चिकटलेलं मातीचं घर, अर्धं फुटलेलं, आणि ढेकळं खाली सांडलेली. महिनाभर भिंतीवर टांगून ठेवलेल्या गिटारीत कुंभारीण माशी बाळंत होऊन गेली होती.