कॅल्क्युलेटर सर्व्हर टर्मिनलमध्ये चालतो, पण एआय सहायकाशी जोडला जात नाही: माझा अनुभव

पुण्यातील आमच्या सोसायटीच्या देखभाल खर्चाची आकडेमोड एआय सहायकाने अचूक करावी, म्हणून मी पायथॉनमध्ये छोटा एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआय सहायकाला बाहेरची साधने जोडण्याची पद्धत) सर्व्हर लिहिला. टर्मिनलमध्ये तो व्यवस्थित सुरू होई. सहायक ॲपमध्ये मात्र जेसनची (माहिती लिहिण्याच्या एका मजकूर-स्वरूपाची) त्रुटी येऊन जोडणी तुटे. लायब्ररी पुन्हा बसवली, पायथॉनची आवृत्ती बदलली, तरी फरक पडला नाही. मी पुरता वैतागलो होतो.

कारण असे की, एसटीडीआयओ पद्धतीत (ॲप आणि सर्व्हर प्रोग्रामच्या इनपुट-आउटपुटमधूनच बोलतात) स्टँडर्ड आउटपुट, म्हणजे प्रोग्रामचे नेहमीचे आउटपुट, केवळ जेसन-आरपीसी संदेशांसाठी (जेसनमध्ये लिहिलेल्या विनंत्या आणि उत्तरे) राखीव असते आणि ‘सर्व्हर सुरू झाला’ एवढी साधी प्रिंट ओळही त्या संदेशांत मिसळून ते बिघडवते. म्हणून प्रथम सर्व प्रिंट ओळी स्टँडर्ड एररकडे (त्रुटी आणि नोंदींसाठीच्या वेगळ्या आउटपुटकडे) वळवल्या. मग कॉन्फिग फाइलमध्ये ‘कमांड’पुढे नुसते ‘पायथॉन’ न लिहिता व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधील (प्रकल्पाच्या लायब्ररी असलेल्या वेगळ्या फोल्डरमधील) पायथॉनचा पूर्ण पाथ दिला आणि ‘आर्ग्ज’मध्ये सर्व्हर फाइलचाही, कारण प्रोग्राम कुठे शोधायचे हे सांगणारे टर्मिनलमधील ‘पाथ’ सेटिंग ॲपला मिळेलच असे नसते. शेवटी केवळ खिडकी न मिटवता ॲप पूर्णपणे बंद करून पुन्हा उघडले, तेव्हा कॅल्क्युलेटरचे टूल ॲपच्या यादीत दिसले आणि बेरीज बिनचूक आली.

गणितासाठी ‘इव्हॅल’ (दिलेला मजकूर पायथॉन कोड म्हणून चालवणारे फंक्शन) मात्र कृपया वापरू नका. त्यातून कोणताही कोड चालू शकतो. पायथॉनच्या एएसटी मॉड्यूलने (कोड न चालवता त्याची रचना दाखवणाऱ्या) गणिती राशी तपासून फक्त अंक आणि अंकगणिती क्रियाच स्वीकाराव्यात.