थायरॉइडमुळे केस गळतात तेव्हा: माझ्या कालनिर्णयवरच्या नोंदी

सांगलीत विश्रामबागेत मी ब्लाउज शिवते. पांढरं अस्तर अंथरलं की त्यावर माझेच केस पडलेले दिसायचे, एखादा शिलाईतही अडकायचा. कपडा द्यायच्या आधी मी चिमट्याने वेचत बसायची. मनगटाएवढी वेणी करंगळीएवढी झाली, तेव्हा मिरजेला जाऊन रक्त तपासलं. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) वाढलेलं होतं, म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कमी काम करत होती. थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि दुसऱ्या महिन्यात केस आणखीच गळायला लागले. गोळी बंद करायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. तुमच्या मनात तसं येत असेल तर आधी हे वाचा.

डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने मुळाशी नुसता बसून राहतो आणि गळतो. थायरॉइड बिघडलं की पुष्कळ केस एकदमच बसतात. म्हणजे आज फणीत आलेला पुंजका दोन-तीन महिन्यांपूर्वीचा हिशोब असतो, कालच्या गोळीचा नव्हे. शिवाय गोळीच्या पहिल्या काही महिन्यांत काही जणींचे केस जरा जास्त गळतात आणि नंतर ते थांबतं. निरोगी माणसाचेही रोज 50 ते 100 केस जातातच.

म्हणून मी आरशात बघणं कमी केलं आणि कालनिर्णयवर लिहायला लागले. गोळी सुरू झाली तो दिवस, डोस बदलला तो दिवस, पुढची टीएसएच कधी (डोस बदलल्यावर 6 ते 8 आठवड्यांनी करतात). महिन्यातून एकदा त्याच खिडकीपाशी, तसाच भांग पाडून लेकीकडून फोटो काढून घ्यायचा. माझं गळणं कमी व्हायला चार महिने लागले आणि कपाळापाशी बारीक केस दिसायला सात. तुम्हाला कमी-जास्त लागतील.

आता चहा. आपल्याकडे डोळे उघडले की आधी चहा लागतो, आणि गोळीचं नुकसान तिथेच होतं. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे हीच थायरॉइडची गोळी, उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर काहीच नाही. मी डबी उशाशी ठेवते. साडेपाचला गोळी, मग केर, पाणी भरणं, अंघोळ, आणि साडेसहाला चहा. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर मध्ये चार तास सोडा, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. मी लोहाची दुपारी घेते, तीही चहाबरोबर नाही.

लोहाचं मुद्दाम सांगते. थायरॉइड कमी असलं की पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, मग लोह उतरतं आणि केस दोन्हीकडून मार खातात. नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), बी12 आणि डी जीवनसत्त्व तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा. माझं हिमोग्लोबिन बरं होतं, पण फेरिटिन तळाला गेलेलं.

माझी मोठी चूक बायोटिनची, म्हणजे केसांसाठी विकल्या जाणाऱ्या एका बी जीवनसत्त्वाची. एका दुकानातून केसांच्या गोड गोळ्या आणल्या, एकीत 5 मिलिग्रॅम बायोटिन. दिवसाची गरज साधारण 30 मायक्रोग्रॅम असते. पुढच्या तपासणीत टीएसएच एकदम खाली आणि टी4 (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) वर, जणू डोस जास्त झालाय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘केसांसाठी काही खाताय का?’ बायोटिनमुळे काही प्रयोगशाळांच्या चाचण्या फसतात. ते थांबवून पुन्हा रक्त दिलं, तर आकडे नीट आले. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ते बंद ठेवा आणि घेत असाल तर सांगा. आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या पुड्या मनाने खाऊ नका, त्यांनी थायरॉइड आणखी बिघडू शकतं.

ज्यांचं थायरॉइड जास्त काम करतं त्यांचेही केस गळतात, आणि ते काम आवरणाऱ्या कार्बिमाझोल या गोळीनेही गळू शकतात. त्या गोळीवर असताना ताप आला किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात.

डोक्यावर गोल, गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई असू शकते, आणि थायरॉइडवाल्यांत ती जास्त दिसते. सगळीकडचे केस तसेच आणि फक्त भांग रुंदावत चालला असेल तर कारण वेगळं असेल. दोन्हींसाठी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. मिनॉक्सिडिल (केस वाढावेत म्हणून टाळूला लावायचं औषध) त्यांच्याच सल्ल्याने लावा. दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर नको.

सासूबाई जास्वंदीचं तेल लावायच्या. त्यांच्या हाताने बरं वाटायचं, म्हणून लावून घेतलं. पण खसाखसा चोळू दिलं नाही. कांद्याच्या रसाने मात्र टाळूची आग झाली, तो सोडला. ओले केस विंचरू नका, फणी रुंद दातांची घ्या, आंबाडा घट्ट बांधू नका. मी केस खांद्यापर्यंत कापले. त्या दिवशी रडले, पण मशीनवर वाकल्यावर तुटणारे लांब केस दिसेनासे झाले आणि जीव थोडा शांत झाला.

हळदीकुंकवात कुणी ना कुणी ‘अगं, केस किती गेले तुझे!’ म्हणतंच. मी ‘थायरॉइड आहे, औषध चालू आहे’ एवढंच सांगते. त्यावर दोघी-तिघी हळूच जवळ येऊन स्वतःचं सांगतात. गजरा माळायचा असेल तर हलका, चार बोटांचा घ्या आणि भांगाजवळ न टोचता खाली मानेपाशी दोन पिनांवर धरा, म्हणजे नव्या केसांना ओढ बसत नाही.