नागपुरात नव्याने आलेल्या नाटक-गाण्यावाल्यांसाठी

मी मूळची सांगलीची. १९९९ च्या जूनमध्ये बँकेच्या बदलीवर नागपूरला आले, ती इथलीच झाले. मराठी रंगभूमीची सुरुवात १८४३ साली जिथे झाली त्या गावची मी, त्यामुळे नाटक फक्त आमच्याकडेच कळतं अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीपायी पहिली दोन वर्षं मी एकही प्रयोग पाहिला नाही. ती वर्षं वाया गेल्याचं आजही वाईट वाटतं.

हे लिहायचं कारण, आमच्या इमारतीत आता पुण्या-मुंबईकडची तीन कुटुंबं आली आहेत. एक मिहान या विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रात, एक एम्समध्ये, एक रेल्वेत. तिघांच्याही तोंडी तेच वाक्य : "इथे काही होतच नाही हो." आपल्याकडच्या लोकांचा एक गट जमतो, दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जेवण होतं, आणि तिथे हे वाक्य फिरत राहतं. त्या जेवणांना जरूर जा, एकटेपणा जातो. पण शहर कसं आहे ते त्या गटाकडून ठरवू नका. त्यातल्या बऱ्याच जणांनी दहा-दहा वर्षांत महाल या जुन्या नागपुरातल्या वस्तीत पाऊल टाकलेलं नाही.

नागपुरात कलेला पैसा आणि जागा देणाऱ्या यंत्रणा वेगवेगळ्या आहेत, आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. केंद्राचं एक, राज्याचं दुसरं, महापालिकेचं तिसरं, आणि वस्तीच्या वर्गणीवर चालणारं चौथं. पुण्यात पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती पाहून तिकीट काढायची सवय असते. इथे निम्मे कार्यक्रम विनातिकीट पासवर असतात, आणि पास कुठे मिळतात ते पेपरात आतल्या पानावर दोन ओळींत येतं. म्हणून स्थानिक मराठी पेपर घरी सुरू करा, आणि हिंदीही एक घ्या. या शहराचं अर्धं सांस्कृतिक आयुष्य हिंदीत आहे. सीताबर्डीवर मोर भवनात विदर्भ हिंदी साहित्य संमेलनाचे कार्यक्रम चालतात. मराठी माणसाने तिथे जाऊन बसायला काही हरकत नाही.

केंद्र सरकारची देशात सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रं आहेत, त्यातल्या दक्षिण मध्य क्षेत्राचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला आहे. आपल्या राज्याबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, कर्नाटक असा मोठा पट्टा ते सांभाळतं. हिवाळ्यात त्यांच्या आवारात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत काही दिसत नाही. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी जा, कारागीर निवांत बसलेले असतात. बस्तरच्या धातुकामासाठी आधी मेणाचा नमुना कसा करतात, हे मला अशाच एका दुपारी एका कारागिराने तासभर समजावून सांगितलं होतं. अंधार पडला की लोकनृत्यं सुरू होतात. स्वेटर न्या. या केंद्राची गुरू-शिष्य परंपरेची योजनाही असते, तीत लोककला शिकवणाऱ्या गुरूला आणि शिकणाऱ्यांना मानधन मिळतं. घरात कुणी शिकणारं असेल तर चौकशी करा.

तिथून जवळच डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे. वसंतरावांचं गाण्याचं पहिलं शिक्षण याच शहरात झालं, हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं की या भागात बंदोबस्त, मोर्चे, बंद रस्ते. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्स किंवा सीताबर्डीत स्वतःचा कार्यक्रम ठेवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही स्वतः नाटक करणार असाल तर : आधी संहिता, मग सभागृह.

२००६ मध्ये आम्ही बारा जणांनी दोन अंकी नाटक बसवलं. संहिता आमच्यातल्याच एकाची. तालमी पाच महिने चालल्या, माझ्याच घरी. सभागृहाची तारीख मिळाली तेव्हा इतका आनंद झाला की भाडं, अनामत, नेपथ्याची गाडी, पोस्टर सगळ्याचे पैसे भरून मोकळे झालो. प्रयोगाच्या सहा दिवस आधी सभागृहाच्या व्यवस्थापकाने सेन्सॉरचा कागद मागितला. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. आमच्यापैकी प्रत्येकाला वाटत होतं, ते दुसऱ्या कुणीतरी केलंय. मंडळाचं काम मुंबईत चालायचं, सहा दिवसांत काही होणं शक्य नव्हतं. प्रयोग रद्द झाला. अडतीस हजार रुपये गेले, त्यातले सतरा माझे. पण पैशापेक्षा वाईट हे की ते बारा जण पुन्हा एकत्र आले नाहीत. आमच्यात एक विणकर कॉलनीतला मुलगा होता, त्याच्या आवाजासारखा आवाज मी पुढे ऐकला नाही. त्याने नाटकच सोडलं.

म्हणून सांगते. संहिता पक्की झाली की त्याच आठवड्यात परिनिरीक्षणाला पाठवा. लेखक दुसरा असेल तर त्याचं परवानगीपत्र सहीनिशी घ्या, फोनवरचा होकार चालत नाही. दोन्ही कागदांच्या तीन-तीन प्रती काढा. एका माणसावर ही जबाबदारी नावानिशी टाका. त्यानंतरच तारीख घ्या. दर वर्षी कुणीतरी नवा गट माझ्याकडे तारीख मिळाल्याचे पेढे घेऊन येतो, आणि मी पहिला प्रश्न हाच विचारते. बहुतेकांचा चेहरा उतरतो.

राज्य नाट्य स्पर्धेसाठीही हेच कागद लागतात. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नागपूर केंद्रावर होते. तिकीट अगदी नाममात्र असतं. सलग आठ-दहा संध्याकाळी जाऊन बसा. विदर्भात कोण काय लिहितंय हे समजायला याहून चांगली जागा नाही, आणि मध्यंतरात चहाच्या टपरीवर ज्या ओळखी होतात त्यावर पुढची वीस वर्षं निघतात. माझी निघाली.

सभागृहांबद्दल थोडक्यात. महापालिकेचं सगळ्यात मोठं म्हणजे रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह, २०१७ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते उघडलं, आसनं जवळपास दोन हजार. नवख्या गटाने तिथे जाऊ नये. अडीचशे प्रेक्षक तिथे हरवून जातात आणि नटांचा धीर सुटतो. लक्ष्मीनगरचं सायंटिफिक, शंकरनगरचं राष्ट्रभाषा संकुल, ही आपल्या मापाची. साहित्याची आवड असेल तर झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ साली स्थापन झालेला. डिसेंबराच्या सुमारास खासदार सांस्कृतिक महोत्सवात मोठमोठे कलावंत येतात, ईश्वर देशमुख महाविद्यालयाचं मैदान भरून जातं. पास लवकर घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला जातो, उघड्यावर काहीही ठरवू नका.

भिंती रंगवायची हौस असलेली तरुण मंडळी हल्ली बरीच येतात. मार्च २०२३ मध्ये सी-२० च्या, म्हणजे जी-२० मधल्या नागरी संस्थांच्या बैठकीच्या, पाहुण्यांसाठी शहरातले मोठे रस्ते चित्रांनी आणि दिव्यांनी सजवले होते, फार सुंदर दिसत होतं. पाहुणे गेले, आणि आमच्या रस्त्यावरच्या एका चित्रावर वर्षभरात शिकवणी वर्गांची पोस्टर आली. मला याचा मनापासून राग आहे. चित्र काढायला पैसा निघतो, जपायला निघत नाही. तुम्ही चित्र काढणार असाल तर आधी भिंत कुणाची ते शोधा. नागपुरात महापालिका आहे, शेजारीच नागपूर सुधार प्रन्यास आहे, शिवाय रेल्वे, मेट्रो, सार्वजनिक बांधकाम. एकाच रस्त्यावरच्या दोन भिंती दोन खात्यांच्या असू शकतात. तोंडी "हो हो, करा" यावर विसंबू नका. मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे, बिनपरवानगी चित्र त्यात बसतं. भिंत ज्या खात्याची त्याला लेखी अर्ज द्या (महापालिकेची असेल तर झोन कार्यालयात), आवक क्रमांक घ्या, आणि त्याच अर्जात देखभाल कोण करणार तेही लिहा. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत शक्यतो घेऊ नका. विदर्भाचं ऊन दोन उन्हाळ्यांत रंग खाऊन टाकतं.

एक विनंती. तुमच्या आजूबाजूला दंडार, खडी गंमत ही विदर्भातली लोकनाट्यं किंवा भजनी भारूड करणारे म्हातारे कलावंत असतील. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी मानधन योजना आहे, महिन्याला पाच हजार रुपये. पण कार्यक्रमांचे पुरावे जमवून अर्ज भरणं त्यांना जमत नाही. जुनी हँडबिलं, फोटो, सरपंचाचं पत्र हे सगळं फाइलला लावायला आपल्यासारख्या शिकलेल्याचे दोन रविवार लागतात. मी आजवर चौघांचे अर्ज भरले, दोघांना मानधन सुरू झालं. बाकी दोघांचे कागद मी पुन्हा भरते आहे.

झाडीपट्टीबद्दल, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकवेड्या पट्ट्याबद्दल, वेगळं लिहायला हवं, इथे एवढंच की दिवाळीनंतर एकदा वडसा-गडचिरोलीकडे रात्रभराचं नाटक बघून या. तिथले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडच्या कित्येकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

आणि वस्ती. इथली सगळ्यात मोठी सार्वजनिक कला मला वाटतं मारबत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. सुट्टे पैसे जवळ ठेवा, दार बंद ठेवू नका. माझ्या पहिल्या वर्षी मी दार लावून घेतलं होतं. शेजारच्या काकू नंतर म्हणाल्या, "काहून वं, पोरं परत गेली ना तुझ्या दारावरून." त्याच दिवशी जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत निघते. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही मिरवणूक, कागद-बांबू-कापडाचे प्रचंड पुतळे, आणि त्यांच्या मागे बडगे, म्हणजे टीका करणारे पुतळे : महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, त्या वर्षी लोकांना जे छळत असेल ते. कुठल्याही समितीने मंजूर न केलेलं, वस्तीने वर्गणीतून उभं केलेलं टीकाचित्र रस्त्यावर चालत असतं, आणि लोक ओरडतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!"

त्या दिवशी गाडी घेऊन जाऊ नका. मेट्रोने चितारओळी चौकाला उतरा. आधी चितार ओळीत शिरा, गणपती बसायला थोडेच दिवस उरलेले असतात आणि मूर्तिकारांच्या घरांपुढे मूर्ती रांगेने वाळत असतात. फोटो काढण्याआधी विचारा. तिथून इतवारीकडे पायी जा, पाणी जवळ ठेवा, मुलांना खांद्यावर घ्या.