थंडीत मिरचीचं झाड घरात कसं जगवावं

न्यू जर्सी, शिकागो, टोरोंटोकडे ऑक्टोबर लागतो तेव्हा डेकवरच्या मिरच्या नेमक्या भरात असतात. लवंगीला झुपके लागलेले असतात, हबनेरो नुकती नारिंगी होऊ लागलेली असते, आणि तेवढ्यात फोनवर फ्रॉस्टचा, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीचा, इशारा येतो. बहुतेक जण असतील तेवढ्या मिरच्या तोडतात, ठेचा करून फ्रीजरमध्ये ठेवतात आणि झाड उपटून टाकतात. कळकळीची विनंती आहे, झाड उपटू नका.

मिरची मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात उतरली आणि तिथून आपल्या स्वयंपाकघरात आली. हे झाड मुळात बहुवर्षायू आहे. कोकणात, गोव्यात परसातली लवंगी वर्षानुवर्षं मिरच्या देत राहते. थंड देशात हेच झाड वर्षाचं पीक ठरतं ते केवळ गारठ्यामुळे. हिवाळ्याचे पाच-सहा महिने ते घरात निभावून नेलं, तर पुढच्या वर्षी जाड खोड आणि तयार मुळं हाताशी असतात, आणि बियांपासून केलेल्या रोपाच्या कित्येक आठवडे आधी मिरच्या मिळतात. हबनेरो, भूत जोलोकिया अशा जहाल मिरच्यांच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. त्यांचं बी रुजायलाच दोन-तीन आठवडे घेतं आणि रोप लावल्यानंतर पिकलेलं फळ हाती यायला तीन-चार महिने लागतात. तोवर इथला उन्हाळा उतरणीला लागलेला असतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्या. या महिन्यांत झाड वाढवायचं नसतं, जगवायचं असतं. घरात आणलेली झाडं जातात ती बहुधा जास्तीच्या पाण्यानं, अवेळी घातलेल्या खतानं आणि बाहेरून सोबत आलेल्या किडीनं.

कुठलं झाड ठेवायचं

सगळी झाडं आत घेण्याचा हट्ट नको. दोन-तीन निवडा. खोड पेन्सिलीहून जाड असावं, पानं निरोगी असावीत, आणि ज्याच्या मिरच्या घरात खरोखर आवडल्या ते झाड असावं. पानं आखडून वाटीसारखी झाली असतील, म्हणजे ज्याला शेतकरी चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात तसं दिसत असेल, तर ते झाड बाहेरच राहू द्या. तो विषाणूजन्य रोग असेल तर छाटून बरा होत नाही, आणि किडीमुळे झालेलं असेल तर ती कीड घरात येते. ज्वालासारखी बियांपासून पटकन येणारी मिरची दरवर्षी नव्यानं लावली तरी फारसं बिघडत नाही. जागा कमी असेल तर ती जहाल, सावकाश वाढणाऱ्या जातींना द्या. भारतातून बी आणलंय आणि ते संपलंय, अशा जातीचं झाडही जरूर जपा. अमेरिकेत योग्य कागदपत्रांशिवाय बियाणं सामानातून आणता येत नाही, त्यामुळे हाताशी असलेलं झाड मोलाचं आहे.

कधी आत आणायचं

फ्रॉस्टच्या इशाऱ्याची वाट पाहू नका. रात्रीचं तापमान सातत्यानं १० अंश सेल्सियसच्या (५० फॅरनहाइटच्या) खाली जाऊ लागलं की मिरचीला गारठा बाधायला लागतो. सप्टेंबरच्या शेवटापासून अंदाज पाहत राहा आणि १३ अंशांच्या आसपास रात्री येऊ लागल्या की तयारीला लागा. झाडावरच्या सगळ्या मिरच्या, हिरव्यासुद्धा, आणि फुलं-कळ्या काढून टाका. जहाल जातींना हात लावताना हातमोजे घाला आणि डोळ्यांना हात लावू नका. तिखटपणा मुख्यत्वे मिरचीच्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात असतो, पण फळ फुटलं की तो कात्रीला आणि हातांना लागतो आणि साध्या पाण्यानं जात नाही.

छाटणी

इथे बहुतेकांचा हात अडखळतो, कारण हिरवंगार झाड जवळजवळ बोडकं करायचं असतं. पण पानं जितकी जास्त, तितकं पाणी आणि उजेड झाड मागणार, आणि थंडीत या दोन्हींचा हिशेब जुळत नाही.

कात्री किंवा सिकेटर स्पिरिटनं पुसून घ्या. मिरचीचं खोड थोडं वर गेलं की दोन फांद्यांत फुटतं. त्या दुबेळक्यावरच्या प्रत्येक फांदीची दोन-तीन पेरं ठेवा आणि वरचं सगळं कापा. पेर म्हणजे जिथून पान किंवा कोंब फुटतो तो किंचित फुगीर भाग. काप पेराच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरका घ्या. पेरापासून फार लांब कापलं तर वरचा तुकडा वाळून काळा पडतो, आणि ती मर कधी कधी खाली उतरते. छाटल्यावर साधारण वीतभर उंचीचा सांगाडा उरला पाहिजे. चार-पाच लहान पानं राहिली तर उत्तम, एकही राहिलं नाही तरी घाबरू नका.

मुळं आणि माती

बाहेरची माती घरात आणायची नाही, हा नियम पाळला तर निम्मी कटकट वाचते. त्या मातीत माव्याची पिल्लं, किडींची अंडी, कोष, बारीक माश्यांच्या अळ्या असं सगळं असतं. झाड कुंडीतून किंवा वाफ्यातून मुळांच्या गड्ड्यासकट उचला, हातानं माती झटका आणि कोमट पाण्याच्या हलक्या धारेखाली मुळं धुवा. बाहेरच्या बाजूची लांब मुळं कात्रीनं कापा. गड्ड्याचा एक तृतीयांश भाग गेला तरी चालतो. वरचा पसारा कमी केलाय, तेव्हा खालचाही त्याच मानानं कमी झालेला बरा.

मग खोडही धुवा. पाण्यात थोडा सौम्य द्रवसाबण घालून मऊ फडक्यानं खोड, फांद्यांचे काख-कोपरे आणि उरलेल्या पानांची खालची बाजू पुसून काढा आणि स्वच्छ पाण्यानं धुवा. आता १५ सेंटिमीटरच्या आसपासच्या, तळाला भोकं असलेल्या कुंडीत नव्या पॉटिंग मिक्समध्ये झाड लावा. पूर्वी खोड जितकं मातीत होतं तितकंच आता असू द्या. मोठी कुंडी घेऊ नका. छाटलेली मुळं मोठ्या कुंडीतली ओल पिऊ शकत नाहीत, माती दिवसेंदिवस गार आणि ओली राहते आणि मुळं कुजतात. लावल्यावर एकदाच भरपूर पाणी द्या, पूर्ण निथळू द्या. खत घालू नका.

झोपवायचं की जागं ठेवायचं

दोन मार्ग आहेत. झाड थंड जागी सुप्तावस्थेत ठेवायचं, किंवा दिव्याखाली उबेत वाढतं ठेवायचं. माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक झाडं झोपवावीत. खर्च नाही, कीड कमी, कष्ट कमी.

झोपवायला १० ते १५ अंश सेल्सियसची जागा हवी. बेसमेंटचा खिडकीजवळचा कोपरा, हीटर कमी चालणारी एखादी खोली, बंद जिना, असं काही बघा. हीटर नसलेल्या गराजवर भरवसा ठेवू नका. जानेवारीतल्या एखाद्या रात्री तिथला पारा शून्याखाली जातो आणि झाड मरायला ती एक रात्र पुरते. दिवसभरातलं कमाल-किमान तापमान दाखवणारा स्वस्त थर्मामीटर तिथे आठवडाभर ठेवून बघा, मगच जागा पक्की करा. उजेड थोडा असला तरी पुरतो. खिडकीत ठेवलंत तर फांद्या काचेला टेकू देऊ नका, आणि हीटरच्या गरम झोताच्या वाटेत कुंडी नको.

पानं गळतील. आठवड्या-दोन आठवड्यांत नुसती काडी उभी दिसेल. जिवंत आहे की नाही अशी शंका आली, तर खोडावर नखानं जरासं खरवडा. साल निघून खाली ओलसर हिरवा पट्टा दिसला तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर थोडं खाली खरवडून बघा. पुष्कळदा वरची फांदी मेलेली असते पण बुंधा हिरवा असतो.

पाण्याबद्दल सर्वात जास्त सांगायला हवं. झोपलेलं झाड जवळजवळ पाणी पीत नाही. 'दर रविवारी एक पेला' असं वेळापत्रक करू नका. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर हात मागे घ्या. त्याहून चांगली सवय म्हणजे कुंडी उचलून बघणं. पाणी दिल्यावरचं वजन आणि सुकल्यावरचं वजन हाताला दोन-तीन वेळेत कळतं. हलकी लागली की थोडं पाणी, तेही खोलीच्या तापमानाचं. नळाचं बर्फगार नको. थंड जागी दोन-तीन आठवड्यांतून एकदा पाणी लागणं अगदी सामान्य आहे. माती पार दगडासारखी कोरडीही होऊ देऊ नका, पण दोहोंतून निवडायचं झालं तर कोरडी बाजू बरी. बशीत साठलेलं पाणी लगेच ओतून द्या.

घरात ताज्या मिरच्या हव्याच असतील तर एखादं झाड जागं ठेवा. त्याची छाटणी निम्मीच करा. नुसती खिडकी पुरत नाही: डिसेंबरात न्यू जर्सीत दिवस जेमतेम सव्वानऊ तासांचा असतो आणि उन्हातही जोर नसतो. पांढऱ्या उजेडाचा एलईडी ग्रो-लाइट शेंड्यापासून १५ ते ३० सेंटिमीटरवर टांगा आणि टायमर लावून दिवसाला १४ ते १६ तास चालू ठेवा. रात्री अंधार हवाच. तापमान दिवसा २० ते २५ अंश असावं. रात्री ते फार उतरलं तर फुलं गळतात. घरात वारा नाही, मधमाशी नाही, तेव्हा फुलं उमलली की दुपारी फांदीला बोटानं हलक्या टिचक्या मारा किंवा मऊ ब्रश फुलातून फिरवा. मिरचीचं फूल स्वपरागी आहे, परागकण नुसते हलले तरी फळ धरतं. या झाडाला महिन्यातून एकदा निम्म्या मात्रेचं पातळ खत चालतं.

कीड

हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी फार झपाट्यानं वाढतो आणि मावा कोवळ्या शेंड्यावर बसतो. जाग्या झाडाची दर आठवड्याला तपासणी करा. पानाखाली पांढरा कागद धरा आणि पानावर टिचकी मारा. पडलेले ठिपके चालू लागले तर तो कोळी. पानावर चिकट चकाकी दिसली तर मावा किंवा पांढरी माशी. झाड आधी बाथरूममध्ये नेऊन पानांच्या खालून पाण्याची धार मारा. यानंच बराच मावा जातो. मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिली द्रवसाबण ढवळून, दिवा बंद झाल्यावर फवारा. अंडी फुटून नवी पिढी येते, म्हणून ५-७ दिवसांच्या अंतरानं तीनदा फवारल्याशिवाय थांबू नका. मातीवर बारीक काळ्या माश्या उडत असतील तर पाणी जास्त होतंय. वरची माती सुकू द्या आणि पिवळे चिकट सापळे लावा. बाधित झाड इतर कुंड्यांपासून लांब ठेवा.

जागं करणं आणि बाहेर नेणं

मार्चच्या सुमारास, म्हणजे शेवटच्या फ्रॉस्टच्या सहा-आठ आठवडे आधी, झोपलेलं झाड उबेत आणि भरपूर उजेडात आणा. वरची थोडी माती काढून ताजं कंपोस्ट घाला, पाणी हळूहळू वाढवा. पेरांतून हिरवे धुमारे दिसू लागले की मेलेल्या फांद्या हिरव्या भागापर्यंत कापा, आणि त्यानंतरच अर्ध्या मात्रेनं खत सुरू करा. मुळं कुंडीच्या तळातून डोकावू लागली की मोठ्या कुंडीत हलवा. एप्रिलमध्ये घरातच आलेल्या कळ्या खुडून टाका. झाडानं आता पानं आणि फांद्या करायला हव्यात.

बाहेर नेण्याची घाई करू नका. रात्री सातत्यानं १३ अंशांच्या वर असाव्यात, आणि या भागांत त्या बहुधा मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला येतात. पहिल्या दिवशी सावलीत तास-दीड तास, मग रोज थोडं जास्त, मग सकाळचं कोवळं ऊन, असं आठ-दहा दिवस करा. घरातली पानं थेट उन्हात ठेवली तर पांढरी पडून करपतात. आणि झाड पुढच्या हिवाळ्यातही ठेवायचं असेल तर ते वाफ्यात न लावता १५-२० लिटरच्या कुंडीतच वाढवा, म्हणजे ऑक्टोबरात ते खणून काढावं लागत नाही.