रोगप्रतिकारक पेशींवरील संशोधनासाठी निधी : सातारा-सांगलीतून प्रस्ताव कसा मांडावा

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संशोधनातून घडलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच टी पेशींत, म्हणजे एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींत, जनुक घालून त्यांना कर्करोगपेशी ओळखायला लावणारा उपचार) ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. साताऱ्यातील, कराडमधील किंवा मिरजेतील प्राध्यापकांनी त्यातून उमेद जरूर घ्यावी; मात्र निधी मागताना ‘आम्ही कार-टी उपचार तयार करू’ असे लिहू नये. त्या कामाला निर्जंतुक उत्पादनकक्ष, विषाणुवाहक (पेशीत जनुक पोहोचवण्यासाठी बदललेले विषाणू) तयार करण्याची सोय आणि रक्तकर्करोगाचे सुसज्ज रुग्णालय लागते, आणि यांपैकी काय आपल्याकडे नाही हे परीक्षकांना पहिल्याच पानावर कळते.

म्हणून प्रश्न लहान आणि नेमका निवडावा. सिंथेटिक बायोलॉजीत, म्हणजे पेशींचे वर्तन नव्याने रचण्याच्या शास्त्रात, टी पेशीला जनुकीय परिपथ (ठरावीक अट पूर्ण झाली तरच चालू होणारी जनुकांची जोडणी) दिला जातो. उदाहरणार्थ, सिन-नॉच या कृत्रिम ग्राहीने (ग्राही म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील, खूण ओळखणारे प्रथिन) कर्करोगपेशीवरील पहिली खूण ओळखली, तरच दुसरी खूण ओळखणारा कार ग्राही तयार होतो, त्यामुळे केवळ दुसरी खूण असलेल्या निरोगी पेशी वाचण्याची शक्यता वाढते. पहिली खूण नसतानाही कारचे जनुक किती प्रमाणात चालू राहते, म्हणजे या परिपथाची गळती किती आणि ती कशी कमी करता येईल, हा एकच प्रश्न तीन वर्षांच्या प्रकल्पाला पुरेसा आहे. त्याची सुरुवात जर्कट या प्रयोगशाळेत वाढणाऱ्या टी पेशींवर करता येते. रुग्णांचे रक्त लगेच लागत नाही. परिपथ नसलेल्या पेशी आणि केवळ पहिला ग्राही असलेल्या पेशी तुलनेसाठी ठेवणार असल्याचे स्पष्ट लिहावे, कारण प्रस्तावाचा कस येथेच लागतो.

निधीचे दार प्रश्नाच्या स्वरूपावरून ठरवावे. मूलभूत प्रश्नासाठी २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन पाहावे. तेथे नियमित पदावरील तरुण अध्यापकांसाठी पंतप्रधानांच्या नावाची स्वतंत्र अनुदान योजना आहे. जैवतंत्रज्ञान विभागाची आवाहने ई-प्रॉमिस पोर्टलवर येतात, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या बायोई३ या जैवतंत्रज्ञान धोरणात अचूक जैवोपचार हा एक प्रमुख विषय असल्याने आपला प्रश्न त्याच्याशी कसा जुळतो हे दोन वाक्यांत सांगावे. बायरॅक या जैवतंत्रज्ञान विभागाच्या उद्योग-साहाय्य संस्थेचे ५० लाख रुपयांपर्यंतचे ‘बिग’ अनुदान उत्पादनाकडे जाणाऱ्या कल्पनेसाठी आहे. केवळ ज्ञान वाढवणारा प्रश्न तेथे नेऊ नये. खासगी संस्थेने केंद्राच्या औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता आहे का, हे आधीच तपासावे.

परवानग्या निधी मिळेपर्यंत पुढे ढकलू नयेत. पेशींत जनुक घालण्याच्या कामासाठी संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते, आणि तिच्यावर जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी असतो. पुढे मानवी रक्त वापरायचे असेल तर नैतिकता समितीची मान्यता हवी. त्यासाठी कराडचे कृष्णा विश्व विद्यापीठ किंवा मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्यातील डॉक्टरांना केवळ पत्रापुरते नव्हे, तर सहसंशोधक म्हणून सुरुवातीपासून सोबत घ्यावे.

अंदाजपत्रकावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक करून तपासणारे व मोजणारे यंत्र) विकत मागितला, तर परीक्षक ‘देखभाल कोण करणार?’ असे विचारतात, आणि तो प्रश्न रास्त असतो. त्याऐवजी संशोधन यंत्रांची माहिती देणाऱ्या आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर पुण्या-मुंबईतील उपलब्ध यंत्रे शोधून त्यांचे वापरशुल्क आणि प्रवासखर्च मांडावा. उणे ८० अंशांचे शीतपेटक मागत असाल, तर वीज गेल्यावर ते चालू ठेवण्याची सोयही त्याच यादीत असावी. एका रात्रीत वितळलेल्या पेशींबरोबर वर्षभराचे काम जाते. (द्रव नायट्रोजन हा आपल्या जिल्ह्यांत अपरिचित नाही, कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा त्यातच जपल्या जातात, तेव्हा पुरवठादाराची चौकशी पशुवैद्यकीय दवाखान्यापासूनच सुरू करावी.) प्रतिपिंडे आणि पेशीसंवर्धनाची माध्यमे यांसाठी प्रत्यक्ष दरपत्रके मागवून जोडावीत आणि परदेशातून येणाऱ्या मालाचा विलंब वेळापत्रकात धरावा.

प्रस्ताव पाठवण्यापूर्वी संस्थेच्या लेखाधिकाऱ्यांना तो वाचायला द्यावा. निधी कसा खर्च झाला हे सांगणारे दरवर्षीचे उपयोगिता प्रमाणपत्र तेच तयार करणार आहेत आणि ते वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता थांबतो. त्यामुळे आवर्ती (पुन्हा पुन्हा होणाऱ्या) आणि अनावर्ती (यंत्रखरेदीसारख्या एकदाच्या) खर्चाची विभागणी त्यांच्या संमतीनेच कायम करावी.